शेगडीपाशी ठेवलेली बादली

आमच्या ह्यांनी चौतीस वर्षं रोज सकाळी सात वाजता समुद्राचा ताप पाहिला. ताप म्हणजे तापमान, पण बंदरातली माणसं ताप म्हणायची आणि ह्यांना म्हणायची डॉक्टर. बर्फाच्या कारखान्याचा मालक, ज्याला सगळे बर्फवाला म्हणतात, रोज धक्क्यावरून जाताना ओरडायचा, "काय डॉक्टर, पेशंट कसा आहे?" हे मान वर न करता म्हणायचे, "जिवंत आहे. तुझ्या धंद्यापेक्षा बरा." एवढ्या वर्षांत हा विनोद बदलला नाही आणि दोघांपैकी कुणाला त्याचा कंटाळाही आला नाही.

ह्यांची खरी नोकरी धक्क्याच्या टोकावरच्या दिव्याची. काच पुसायची, वायर बघायची, गंज खरवडून रंग द्यायचा. समुद्राचा ताप हे वरचं काम. राजधानीत समुद्राचं एक ऑफिस आहे, त्यांनी सुरुवातीलाच एक जाड वही, पितळी नळीतला थर्मामीटर आणि एक पत्र्याची बादली पाठवून दिली होती. सोबत एक छापील कागद. 'बादली वर येताच, उघड्यावर, सावलीत, विलंब न करता वाचन घ्यावे.' तो कागद ह्यांनी वहीच्या पहिल्या पानावर खळ लावून चिकटवला. अजून आहे तिथे.

धक्क्याच्या बुडाशी आमच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी शेगडी, मागच्या खोलीत झोपायचं. दारातून टोकापर्यंत ह्यांची एकशे दहा पावलं. दोराला बांधलेली बादली खाली सोडायची, एकदा विसळून ओतून द्यायची, दुसऱ्यांदा भरून घ्यायची, थर्मामीटर बुडवायचा, पारा थांबला की आकडा मोठ्याने म्हणायचा आणि मग लिहायचा. मोठ्याने का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "मनातला आकडा वहीपर्यंत येताना बदलतो." मग दाराशेजारच्या काळ्या फळ्यावर तोच आकडा खडूने. मुलगा झाला त्या दिवशीसुद्धा हे दवाखान्यात आठला आले. सात वाजता बादली होती.

ह्या आकड्याचं एवढं कौतुक कशाला, असं बाहेरच्या माणसाला वाटेल. आमच्या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून एक गरम प्रवाह जातो. समुद्राच्या आतली नदीच म्हणायची. मागच्या डोंगरांवर गुडघाभर बर्फ असतो तेव्हाही आमचं बंदर उघडं असतं, ते त्या प्रवाहाच्या जिवावर. आणि नुसतं आमचं बंदर नव्हे. त्या पाण्यावरून जी हवा जाते तीच पुढे साऱ्या देशावर पसरते. थंडी किती लांबेल, पेरणी कधी करावी, याचा राजधानीत जो अंदाज बांधतात त्याला किनाऱ्यावरचे असे आकडे लागतात. बाकी ठिकाणी कुणी नोकरी सोडली, कुणाची वही हरवली. तुटक आकडे. सलग एकच वही होती, आमची.

हे धक्क्यावर जात तेव्हा मी दारात उभी राहून देवाचं नाव घ्यायची. मोठं काही मागत नसे. पायाखालचा दगड निसरडा असतो, एवढं माणूस सुखरूप घरात येऊ दे, इतकंच.

अकरा वर्षांपूर्वी ह्यांना न्यूमोनिया झाला. तीन आठवडे अंथरुणात. तरी सातला उठून बसायचे. त्या तीन आठवड्यांत शहरातून रजा काढून आलेला आमचा मुलगा धक्क्यावर जायचा आणि हे खिडकीतून बघत बसायचे, मुलगा बादली नीट विसळतो की नाही ते. बरे झाल्यावर पहिल्याच सकाळी निघाले, तर वारा असा की दार लोटवेना. बादली घेऊन टोकाशी उकिडवे बसले आणि खोकल्याने वाकडे झाले. मी धावत गेले.

"अहो, बादली आत आणा आणि आत वाचा. पाणी तेच, थर्मामीटर तोच. धक्क्यावर बसून त्यात काय भर पडते?"

"नियम आहे."

"नियम करणाऱ्याला न्यूमोनिया झाला होता का?"

ह्यांना हसू आलं, हसताना परत खोकला आला, आणि मी बादली हातातून काढून घेतली. मी स्वतः आत आणली. शेगडीशेजारच्या स्टुलावर ठेवली. हे आत आले, लगेच वाचलं, लिहिलं. "हे काही खरं नाही," म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीही आत आले. महिनाभरात सवय झाली.

सवय झाली म्हणजे काय झालं ते आता कळतं. तेव्हा नुसतं बरं वाटायचं. हे बादली स्टुलावर ठेवायचे. बुटांच्या नाड्या सोडायचे. चष्म्यावर वाफ धरलेली असायची, ती पुसायचे. मी चहाचा कप हातात द्यायची. दोन घोट घेऊन मग थर्मामीटर. पुढे गुडघे धरले, नाड्या सोडायला वेळ लागू लागला. पुढे नात आली, ती मांडीवर येऊन बसायची आणि बादलीत मासा आहे का बघायची. जितकी सकाळ गार तितकी मी शेगडी जास्त पेटवायची आणि तितके हे तिच्यापाशी जास्त वेळ टेकायचे. उन्हाळ्यात शेगडी विझलेली, त्यामुळे उन्हाळ्याचा आकडा चोख. हिवाळ्याचा आणि वसंताचाही दर वर्षी तोच, जिथल्या तिथे. ऑफिसातून एकदा पत्र आलं होतं, 'आपल्या नोंदींतील सातत्य प्रशंसनीय आहे.' ते पत्र मी काचेत घालून भिंतीला लावलं.

मुलगा शहरातल्या कारखान्यात होता. सात वर्षांपूर्वी बायकोला घेऊन परत आला. खाडीच्या तोंडाशी पाण्यात जाळ्यांचे पिंजरे टाकून त्यात मासे वाढवायचे, असा त्याचा धंदा. माशांची बोटभर पिल्लं दूरच्या केंद्रातून टाकीच्या गाडीने येतात. ती कोमट पाण्यात वाढलेली असतात. समुद्राचं पाणी बारा अंशांवर गेलं की पिंजऱ्यात सोडायची, त्याच्या आधी नाही. बारा झाले की नाही ते कुठे बघायचं? आमच्या फळ्यावर.

सूनबाईने दोन वर्षांपूर्वी बाजारातून एक थर्मामीटर आणला होता. पिंजऱ्यापाशी बुडवला तर फळ्यापेक्षा दोन अंश कमी दाखवी. मुलगा हसला. "दुकानदाराने गंडवलं तुला. बाबांच्या बादलीपुढे हे खेळणं." तो थर्मामीटर त्यांच्या घरात खिळ्याला टांगलेला राहिला, नातीच्या टोपीशेजारी.

गेल्या वर्षी पिल्लं मेली. बहुतेक सगळी. रोग आला असणार, असं सगळ्यांनी ठरवलं. मुलगा केंद्रावर जाऊन भांडून आला. यंदा केंद्रवाल्यांनी स्पष्ट सांगितलं, ही एक खेप देतो, ही गेली तर पुढे आमच्याकडे येऊ नका. सूनबाई माझ्याशी भांडी पुसता पुसता बोलली, "आई, या वेळी नाही जगली तर आम्ही शहरात परत जाऊ. त्यांनी कारखान्यात विचारून ठेवलंय. तुम्हाला सांगू नकोस म्हणालेत."

मी म्हटलं, "जगतील. देव आहे."

यंदाचा वसंत वसंतासारखा नव्हताच. सकाळी दोर कडक होऊन उभा राहायचा. डोंगरापलीकडच्या फळबागांचा मोहर तिसऱ्यांदा जळाला. मासेमारीवाले म्हणायचे, मासा दूर पश्चिमेला सरकलाय, दोन दिवस जास्त जावं लागतं. पण फळ्यावरचा आकडा दर वर्षीसारखाच चढत होता. लोक फळा बघायचे आणि म्हणायचे, समुद्र तर ठणठणीत आहे, हवेलाच काहीतरी झालंय. बर्फवाला म्हणाला, "डॉक्टर, पेशंट बरा आहे, नातेवाईकच आजारी पडलेत."

मंगळवारी हे आतून ओरडले, "बारा पॉइंट दोन!" फळ्यावर लिहिताना खडू मोडला इतक्या जोरात लिहिलं. बुधवारी गाडी आली. दुपारभर मुलगा आणि सूनबाई पिल्लं पिंजऱ्यांत सोडत होती. नात धक्क्यावरून त्यांना हात करून टाटा करत होती. गाडी रिकामी होऊन परत गेली.

गुरुवारी सकाळी पावणेसातला दारात एक बाई उभी. पाठीवर पिशवी, हातात आकडे दाखवणाऱ्या डबीला जोडलेलं तारेचं भेंडोळं. राजधानीतल्या समुद्राच्या ऑफिसातून आली होती, चाळिशीची असेल. ह्यांना म्हणाली, "काका, तुम्हीच ना? तुमचे आकडे वाचत मी शिकले. आज तुमच्याबरोबर येऊ का?"

ह्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

धक्क्यावर जाता जाता तिने सांगितलं ते असं. ऑफिसने दोन वर्षांपूर्वी आमच्या बंदराबाहेर पाण्यात एक पिवळा तरंगता गोळा सोडला होता, यंत्राचा. तो हिवाळ्यात आमच्यापेक्षा कमी आकडा पाठवायचा. थंडीत यंत्र बिघडतं असं समजून ऑफिसने आमच्या वहीवरून त्याचा आकडा वर सरकवून घेतला. मग दुसरं यंत्र बसवलं. तेही तसंच. आता तिसरं. "काका, तीन यंत्रं एकाच बाजूला कशी बिघडतील? म्हणून म्हटलं, जाऊन बघावं."

हे म्हणाले, "यंत्रांचं काय सांगता येतं?" त्यात गर्व नव्हता. खरंच तसं वाटत होतं.

बादली वर आली. तिने आपली तार त्याच पाण्यात सोडली. मी दारातून बघत होते. तिने आकडा टिपून घेतला आणि थांबली, हे आता थर्मामीटर काढतील म्हणून. ह्यांनी बादली उचलली आणि घराकडे चालू लागले. ती मागोमाग आली.

"काका, आत का नेताय?"

उत्तर मी दिलं. कौतुकाने दिलं. "अगं, छाती नाजूक आहे ह्यांची. मीच सांगितलंय, शेगडीपाशी बसून निवांत वाचायचं."

ह्यांनी बादली स्टुलावर ठेवली आणि बुटांच्या नाड्यांना हात घातला. तिने हळूच आपली तार परत त्या बादलीत सोडली आणि हातातल्या डबीवरचा आकडा आमच्याकडे वळवला.

नऊ पॉइंट नऊ.

एक नाडी सुटली. दहा पॉइंट दोन. दुसरी नाडी. चष्मा पुसून झाला तेव्हा दहा पॉइंट आठ. मी हातात चहाचा कप घेऊन उभी होते आणि तो पुढे करायची माझी हिंमत होईना. ह्यांनी हात पुढे केला नाही. तिघंही त्या डबीकडे बघत होतो. अकरा. अकरा पॉइंट चार. शेगडीत लाकूड फुटल्याचा आवाज झाला.

"किती वर्षं, काका?" तिने विचारलं.

हे उठले. बूट उघडेच होते. "पिल्लं," म्हणाले, आणि तसेच बाहेर पळाले. अठ्ठावीस वर्षांच्या माणसासारखे पळाले.

आम्ही पोहोचलो तेव्हा मुलगा होडीतून पिंजऱ्याशी वाकला होता. "सुस्त आहेत," तो ओरडला. "खात नाहीयेत. नवीन आहेत, रुळतील!"

"रुळणार नाहीत!" हे किनाऱ्यावरून ओरडले. "पाणी दहाच्या खाली आहे. काढ! काढ सगळी!"

"काय? बाबा, फळ्यावर बारा होते ना? तुम्हीच लिहिलं ना?"

"मीच लिहिलं."

"मी सांगितलं होतं ह्यांना, बादली आत आणा म्हणून," मी म्हटलं. "माझ्यामुळे—"

"आई, तू आता मध्ये बोलू नकोस."

काढायची म्हणजे कुठे? गाडी गेलेली, केंद्र दिवसभराच्या वाटेवर. आम्ही सुचेल ते केलं. आंघोळीचं पिंप, कपडे धुवायचे टब, पातेली, बर्फवाल्याने त्याच्या कारखान्यातली चार मोठी खोकी आणून दिली. तो त्या दिवशी एकही विनोद बोलला नाही. समुद्राच्या पाण्यात शेगडीवर तापवलेलं पाणी घालायचं, समुद्राच्या ऑफिसातल्या बाईने तार बुडवून सांगायचं, "बस, बारा झाले," की सूनबाई जाळीने पिल्लं ओतायची. एका घरात किती मावणार? पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा राहिली नाही. पिंजऱ्यांत हजारो होती. आम्ही शेकड्यांनी नेत होतो. दुपारी पिंजऱ्यातल्यांची पोटं वर यायला लागली. मुलगा तरी जाळी मारतच होता, मेलेली-जिवंत न बघता. शेवटी सूनबाईने त्याचा दंड धरला. "पुरे. अहो, पुरे."

घरात आणलेली चार दिवस जगली. एवढ्याशा पाण्यात त्यांना श्वास पुरेना. नात रोज सकाळी पिंपाशी जाऊन सांगायची, "आजी, अजून एक झोपलं." चौथ्या दिवशी ती सांगायला आली नाही.

त्याच दिवशी सूनबाईने खिळ्यावरचा थर्मामीटर काढून आमच्या टेबलावर आणून ठेवला. "हा बिचारा खरं बोलत होता," एवढंच म्हणाली. तिने तो रागाने आपटला असता तर मला सोसलं असतं.

समुद्राची बाई जायच्या आधी वही घेऊन बसली. तिनं मला समजावून सांगितलं, कारण हे बोलत नव्हते. प्रवाह मंदावतोय आणि किनाऱ्यापासून दूर वाकतोय, असा त्यांना बरीच वर्षं संशय होता. तो असाच सरकत राहिला तर आमचं बंदर हिवाळ्यात गोठू शकतं. पेरण्या पुढे जातील, पाऊस नको तेव्हा पडेल, आतल्या प्रांतांत थंडीचे दिवस वाढतील. "होईलच असं नाही, काकू. होऊ शकतं. पण आम्ही असं म्हटलं की वरचे लोक तुमची वही पुढे करायचे. सलग चौतीस वर्षं, बघा, काही बदललेलं नाही." मग ती थांबली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "तयारीला अकरा वर्षं मिळाली असती." लगेच तिने माझा हात धरला. पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

तेव्हा हे पहिल्यांदा बोलले. "वजा करता येईल ना? आतली गरमी वजा करून खरा आकडा काढता येईल?"

"काका, बादली रोज किती मिनिटं ठेवलेली असायची, ते कळलं तर येईल."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. असं पाहिलं की जणू मी कुठेतरी लिहून ठेवलं असेल. मी काय सांगणार? कधी पाच मिनिटं, कधी पंधरा. नात मांडीवर असली तर वीस. मी शेगडीत किती लाकडं घातली ते कुणी मोजलंय? तीन दिवस हे वहीचं एकेक पान उलटून विचारत राहिले. "अगं, हा दिवस आठव. तुझी बहीण आली होती. तेव्हा मी चहा आधी घेतला की नंतर?" मला आठवायचं नाही. मला आठवत नाही म्हटलं की हे पुढच्या ओळीवर बोट ठेवायचे. "बरं, मग हा?" अकरा वर्षांच्या ओळी. शेवटी बाईनेच वही मिटली आणि म्हणाली की ही वर्षं सोडून द्यावी लागतील. जाताना तिने वही मागितली नाही, फक्त फोटो काढून घेतले.

काचेतलं पत्र ह्यांनी स्वतः उतरवलं.

मुलगा पुढच्या आठवड्यात बायको-मुलीला घेऊन शहरात गेला. पिंजरे वाळूवर ओढून ठेवले, ते अजून तिथेच आहेत. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाबांना सांग, मी चिडलेलो नाही."

"तूच सांग की. पाच पावलांवर तर आहेत."

"नाही जमत गं."

हे फळा पुसत उभे होते. मुलगा जवळ गेला, थांबला, आणि म्हणाला, "बाबा, मफलर घालत जा." हे म्हणाले, "हो." गाडी वळेपर्यंत फळा पुसत राहिले, कोरडा झाला तरी.

आता हे सात वाजता जातात आणि तिथेच, टोकाशी, उघड्यावर वाचतात. फळ्यावर खरा आकडा येतो. लोक येतात, बघतात, जातात. बर्फवाला लांबून जातो. गेल्या आठवड्यात आठ पॉइंट सहा होता. या दिवसांत इतका खाली ह्यांनी कधी पाहिला नव्हता. किंवा पाहिला असेल, आम्हाला कळलं नसेल.

खोकला परत आलाय. रात्रंदिवस नाही, पण धक्क्यावर बसले की येतो. मी दारात उभी असते. देवाचं नाव घ्यायला जाते आणि अडखळते. मी अकरा वर्षं जे मागितलं ते त्याने दिलंच होतं. रोज माणूस सुखरूप घरात आणलं, हातातल्या बादलीसकट. आता काय मागू?

काल वारा फार होता. ह्यांना थर्मामीटर धरवेना. 'अहो, आत या' हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. मी ते गिळले. शाल घेतली, एकशे दहा पावलं गेले, आणि ह्यांच्या वाऱ्याकडच्या बाजूला बसले. वही मांडीवर घेतली.

"बोला," मी म्हटलं.

ह्यांनी पारा थांबेपर्यंत पाहिलं. मग मोठ्याने आकडा म्हणाले, आणि मी तो तसाच लिहिला.